गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या उपविधींतील दुरुस्ती (महाराष्ट्र)

गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या उपविधींतील दुरुस्ती म्हणजे संस्थेचे नोंदणीकृत अंतर्गत नियम बदलण्याची कायदेशीर प्रक्रिया होय. महाराष्ट्रात ही प्रक्रिया महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम १३ व १४ आणि महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मधील नियम १२ व १३ यांनुसार पार पाडली जाते. कायद्यात बदल झाल्यावर संस्थांचे जुने उपविधी त्याच्याशी विसंगत ठरतात. अशा वेळी ते नव्या तरतुदींशी जुळवून घेण्यासाठी ही प्रक्रिया विशेष महत्त्वाची ठरते. राज्यघटनेतील ९७वी दुरुस्ती (२०१२) आणि राज्य अधिनियमातील २०१३ व २०१९ मधील दुरुस्त्या यांमुळे महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांपुढे हा प्रश्न एका दशकात दोनदा उभा राहिला.

## उपविधींचे स्वरूप

उपविधी म्हणजे अधिनियमाखाली नोंदवलेले व त्या वेळी अमलात असलेले संस्थेचे नियम. सभासदत्व, भागभांडवल, सदनिकेचे हस्तांतरण, नामनिर्देशन, देखभाल खर्चाची आकारणी, सर्वसाधारण सभा, व्यवस्थापक समितीची रचना व अधिकार, हिशेब आणि तक्रारींचे निवारण हे विषय उपविधींत येतात. संस्थेच्या नोंदणीच्या वेळी उपविधींचीही नोंदणी होते आणि प्रत्येक सभासद ते मान्य करूनच संस्थेत प्रवेश करतो.

उपविधींना कायद्याचा दर्जा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये आंध्र प्रदेशातील सहकारी मध्यवर्ती बँकेच्या प्रकरणात असे स्पष्ट केले की, सहकारी संस्थेचे उपविधी हे कंपनीच्या अंतर्नियमांसारखे असून ते संस्था व सभासद यांच्यातील संबंधांचे नियमन करतात. त्यांना विधिमंडळाने केलेल्या कायद्याचे बळ नसते. याउलट, कायद्याचा अडसर नसेल तर नोंदवलेला उपविधी सभासदांवर बंधनकारक असतो, हेही न्यायालयाने मान्य केले आहे. अहमदाबादमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व पारशी समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला, तो याच भूमिकेतून.

त्यामुळे संस्थेच्या कारभारात नियमांची एक उतरंड तयार होते. राज्यघटनेच्या खाली अधिनियम, त्याखाली नियम, त्यानंतर कलम ७९-अ अन्वये राज्य शासनाने काढलेले निदेश, मग उपविधी आणि शेवटी सर्वसाधारण सभेचे ठराव असा हा क्रम आहे. उपविधी अधिनियमाशी विसंगत असेल तर अधिनियम प्रभावी ठरतो. ठराव उपविधीशी विसंगत असेल तर उपविधी प्रभावी ठरतो.

गृहनिर्माण संस्था सभासदांना नफा वाटण्यासाठी स्थापन झालेली नसते. सभासदांकडून जमा होणारा पैसा सभासदांच्याच सामाईक सोयींवर खर्च होतो. हस्तांतरण शुल्क, बिनभोगवटा शुल्क यांसारख्या रकमा पारस्परिकतेच्या तत्त्वात बसतात व त्यांवर आयकर लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला.

## पार्श्वभूमी

मुंबईतील गावदेवी भागात १९१५ मध्ये स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही देशातील आद्य गृहनिर्माण संस्थांपैकी एक मानली जाते. त्या वेळी १९१२ चा केंद्रीय सहकारी संस्था अधिनियम लागू होता. पुढे मुंबई प्रांतासाठी १९२५ चा स्वतंत्र अधिनियम आला. राज्याच्या निर्मितीनंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० संमत झाला व तो २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ, जिल्हा बँका आणि गृहनिर्माण संस्था या सर्वांसाठी एकच अधिनियम असल्यामुळे, मुख्यतः आर्थिक संस्था डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या अनेक तरतुदी वीस-पंचवीस सदनिकांच्या इमारतीलाही लागू होत राहिल्या.

प्रत्येक संस्थेने स्वतंत्र उपविधी तयार करणे अवघड असल्याने सहकार आयुक्त व निबंधक, पुणे यांच्याकडून आदर्श उपविधी प्रसिद्ध केले जातात. संस्था आपले नाव, पत्ता व अन्य तपशील भरून ते स्वीकारतात. नियमांनुसार गृहनिर्माण संस्थांचे भाडेकरू मालकी, भाडेकरू सहभागीदारी व इतर असे उपवर्ग पडतात. सभासदांच्या सदनिका असलेली इमारत संस्थेच्या मालकीची असणे, हे दुसऱ्या उपवर्गाचे सर्वपरिचित स्वरूप होय.

## कायद्यातील बदल

### ९७वी घटनादुरुस्ती

ही घटनादुरुस्ती १५ फेब्रुवारी २०१२ पासून अमलात आली. तिने अनुच्छेद १९ मध्ये सहकारी संस्था स्थापन करण्याच्या हक्काचा समावेश केला, सहकारी संस्थांच्या स्वायत्त कारभारास प्रोत्साहन देण्याविषयीचे मार्गदर्शक तत्त्व अनुच्छेद ४३-ख म्हणून जोडले आणि भाग ९-ख हा सहकारी संस्थांविषयीचा नवा भाग राज्यघटनेत घातला. या भागात संचालक मंडळाची सदस्यसंख्या कमाल २१, मुदत पाच वर्षे, अनुसूचित जाती किंवा जमातींसाठी एक व महिलांसाठी दोन राखीव जागा, आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत सर्वसाधारण सभा आणि सभासदाचा माहिती मिळवण्याचा हक्क अशा तरतुदी होत्या. विसंगत राज्य कायदे बदलण्यासाठी राज्यांना एका वर्षाची मुदत देण्यात आली होती.

### २०१३ ची राज्य दुरुस्ती

ती मुदत संपत असताना, १४ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रात अध्यादेश काढण्यात आला. त्याचे रूपांतर पुढे २०१३ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक १६ मध्ये झाले. या दुरुस्तीतील प्रमुख बदल असे:

* क्रियाशील सभासदाची संकल्पना. सलग पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेस उपस्थित राहणे आणि उपविधींत ठरवलेल्या किमान सेवांचा लाभ घेणे या अटी त्यासाठी घालण्यात आल्या. अटी पूर्ण न करणाऱ्याचे वर्गीकरण अक्रियाशील सभासद म्हणून करण्याची तरतूद झाली.
* समितीच्या निवडणुकांसाठी राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाची स्थापना.
* शासनमान्य नामिकेतील लेखापरीक्षकाची सर्वसाधारण सभेने नेमणूक करणे आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण करणे.
* वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घेणे बंधनकारक होणे. मुदतवाढ देण्याचा निबंधकाचा पूर्वीचा अधिकार काढून घेण्यात आला.
* सभासद, समिती सदस्य व कर्मचारी यांच्या सहकार शिक्षण व प्रशिक्षणाची तरतूद.

या बदलांना अनुसरून २०१४ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी नवे आदर्श उपविधी प्रसिद्ध झाले. त्यांत समितीचा आकार सभासदसंख्येनुसार ठरवण्यात आला. १०० पर्यंत सभासद असलेल्या संस्थेसाठी ११ सदस्यांची समिती ठरली. लहान इमारतींमध्ये एवढे इच्छुक सभासद, त्यातही राखीव प्रवर्गांतील, मिळणे अनेकदा शक्य होत नसे आणि जागा रिकाम्या राहत.

### २०१९ ची राज्य दुरुस्ती

गृहनिर्माण संस्थांच्या गरजा इतर सहकारी संस्थांपेक्षा वेगळ्या आहेत, ही अनेक वर्षांची तक्रार लक्षात घेऊन ९ मार्च २०१९ च्या अध्यादेशाने व त्यानंतरच्या २०१९ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ ने प्रकरण तेरा-ब हे स्वतंत्र प्रकरण अधिनियमात घातले. त्यात कलम १५४ब-१ ते १५४ब-३१ यांचा समावेश आहे. सहयोगी, संयुक्त व तात्पुरता सभासद यांच्या व्याख्या, सभासदांचा दप्तर पाहण्याचा व प्रती मिळवण्याचा हक्क, मृत सभासदाच्या हिश्शाचे हस्तांतरण, थकबाकी वसुली आणि समितीची रचना हे विषय या प्रकरणात एकत्र आले. २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्थांना विहित पद्धतीने आपली निवडणूक स्वतः घेण्याची मुभा मिळाली.

## २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

९७व्या घटनादुरुस्तीला गुजरात उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले होते. सहकारी संस्था हा राज्यसूचीतील विषय असल्याने, अशा दुरुस्तीस किमान निम्म्या राज्य विधिमंडळांचे अनुसमर्थन आवश्यक होते आणि ते घेतले गेले नाही, असा आक्षेप होता. उच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये तो मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने हा निर्णय कायम ठेवताना भाग ९-ख बहुराज्यीय सहकारी संस्था व केंद्रशासित प्रदेशांतील संस्था यांच्यापुरता वैध राहील असे ठरवले.

या निर्णयाचा महाराष्ट्रातील उपविधींवर काय परिणाम झाला, याविषयी अनेक संस्थांमध्ये गैरसमज निर्माण झाला. २०१३ व २०१९ च्या दुरुस्त्या राज्य विधिमंडळाने आपल्या अधिकारात केलेल्या आहेत. घटनादुरुस्तीचा संबंधित भाग रद्द झाल्याने त्या आपोआप रद्द होत नाहीत. राज्य विधिमंडळाने त्या बदलेपर्यंत त्या लागू राहतात. फरक इतकाच की, आता त्या ठेवणे किंवा बदलणे हे सर्वस्वी राज्याच्या निर्णयावर अवलंबून आहे. त्यामुळे घटनादुरुस्ती रद्द झाली या कारणावरून जुन्या उपविधींकडे परत जाता येत नाही.

## दुरुस्तीची प्रक्रिया

### मसुदा व सूचना

व्यवस्थापक समिती प्रथम विद्यमान नोंदणीकृत उपविधींची प्रत मिळवते. अनेक जुन्या संस्थांकडे ती उपलब्ध नसते. अशा वेळी उपनिबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत घ्यावी लागते. त्यानंतर जुना मजकूर, प्रस्तावित मजकूर व बदलाचे कारण दाखवणारा तक्ता तयार केला जातो. संपूर्ण नवे आदर्श उपविधी स्वीकारायचे असतील तरी हा तक्ता उपयुक्त ठरतो, कारण पूर्वी संस्थेने स्वतःसाठी करून घेतलेली एखादी विशेष तरतूद संपूर्ण बदलात नकळत वगळली जाऊ शकते.

आदर्श उपविधींनुसार दुरुस्तीच्या प्रस्तावाची सूचना सर्व सभासदांना १४ दिवस आधी देणे आवश्यक आहे. सूचनेत प्रस्तावित दुरुस्ती नमूद करावी लागते. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ या शीर्षकाखाली उपविधींची दुरुस्ती मंजूर करता येत नाही.

### सर्वसाधारण सभेतील ठराव

नियम १२ नुसार, सभेस उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सभासदांपैकी किमान दोन तृतीयांश सभासदांनी ठरावाच्या बाजूने मत दिल्यासच दुरुस्ती संमत झाल्याचे मानले जाते. हे प्रमाण एकूण सभासदसंख्येचे नसून उपस्थित व मतदान करणाऱ्यांचे आहे. उदाहरणार्थ, ६० सभासदांच्या संस्थेत ३३ जण उपस्थित राहिले व त्यांपैकी ३० जणांनी मतदान केले, तर किमान २० मते आवश्यक ठरतात. गणपूर्ती मात्र स्वतंत्रपणे पाहावी लागते. आदर्श उपविधींनुसार ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २० यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते. इतिवृत्तात बाजूची व विरोधातील मते आकड्यांत नोंदवली जातात.

### निबंधकाकडे प्रस्ताव

ठराव झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत प्रस्ताव निबंधकाकडे सादर करावा लागतो. प्रत्यक्षात हा अधिकार प्रभाग किंवा तालुका पातळीवरील उपनिबंधक अथवा सहायक निबंधक वापरतात. प्रस्तावासोबत पुढील कागदपत्रे जोडली जातात:

* ठरावाची प्रत;
* विद्यमान उपविधी, प्रस्तावित बदल व त्यांची कारणे;
* दुरुस्तीनंतरच्या उपविधींच्या चार प्रती, प्राधिकृत पदाधिकाऱ्यांच्या सह्यांसह;
* सभासदांना दिलेल्या सूचनेची प्रत;
* निबंधकाने मागितलेली अन्य माहिती.

कलम १३ नुसार निबंधकाने अर्जावर दोन महिन्यांत निर्णय देणे अपेक्षित आहे. त्या मुदतीत निर्णय न झाल्यास प्रकरण वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवण्याची तरतूद आहे. नोंदणी नाकारायची असल्यास संस्थेला म्हणणे मांडण्याची संधी देऊन कारणे कळवावी लागतात. नकाराविरुद्ध कलम १५२ अन्वये अपील करता येते.

### नोंदणीचे महत्त्व

निबंधकाने नोंदवल्याशिवाय कोणतीही दुरुस्ती वैध ठरत नाही. सभेने एकमताने ठराव केला तरी नोंदणीपर्यंत जुनाच उपविधी लागू राहतो. संस्थांमधील अनेक वादांचे मूळ याच टप्प्यावर असते. ठराव होतो, नव्या उपविधींची छापील पुस्तिका महासंघाकडून विकत आणली जाते, तिच्यानुसार कारभारही सुरू होतो. परंतु प्रस्ताव निबंधकाकडे गेलेलाच नसतो. पुढे एखाद्या सभासदाने नव्या नियमानुसार केलेल्या आकारणीस आव्हान दिल्यावर ही उणीव उघड होते.

### निबंधकाच्या निदेशाने दुरुस्ती

संस्थेच्या हितासाठी दुरुस्ती आवश्यक असल्याचे निबंधकाचे मत झाल्यास, तो कलम १४ अन्वये संस्थेला ठरावीक मुदतीत दुरुस्ती करण्यास सांगू शकतो. संस्थेने ती न केल्यास, तिला म्हणणे मांडण्याची संधी दिल्यानंतर निबंधक स्वतः ती नोंदवू शकतो. या आदेशाविरुद्धही अपिलाची तरतूद आहे. संस्थेच्या स्वायत्ततेला मर्यादा घालणारी तरतूद म्हणून तिच्यावर टीका होते. तर निष्क्रिय समित्यांच्या संस्थांतील सभासदांचे हक्क राखण्याचा हाच एक मार्ग उरतो, असे तिच्या समर्थकांचे म्हणणे असते.

## दुरुस्ती न केल्याचे परिणाम

अधिनियम बदलल्यावर जुन्या उपविधींतील विसंगत तरतूद निष्प्रभ होते, मग संस्थेने दुरुस्ती केलेली असो वा नसो. तथापि समिती व सभासद यांच्या हाती दररोज असते ती उपविधींची पुस्तिका. तिच्यात जुना मजकूर राहिल्यास चुकीच्या नियमावर निर्णय होतात.

वारसाहक्काच्या प्रकरणात हे विशेष जाणवते. सभासदाच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्तीलाच सदनिकेची मालक मानून भागपत्र तिच्या नावे करण्याची पद्धत अनेक संस्थांत रूढ होती. २०१९ च्या तरतुदीनुसार कायदेशीर वारसांचा प्रवेश होईपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीस तात्पुरता सभासद म्हणून घेता येते. मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा हक्कदार वारसांमधील कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे अंतिम हस्तांतरण होते. जुन्या उपविधीवर विसंबलेल्या समितीचा निर्णय भावंडांमधील अथवा विधवा व अन्य वारसांमधील दीर्घ वादाला कारण ठरू शकतो.

थकबाकी वसुलीतही असाच फरक पडतो. पूर्वी वसुली दाखल्यासाठी कलम १०१ खाली अर्ज केला जात असे. गृहनिर्माण संस्थांसाठी त्याची जागा आता कलम १५४ब-२९ ने घेतली आहे. जुन्या कलमाचा उल्लेख असलेल्या उपविधीनुसार अर्ज केल्यास तो तांत्रिक आक्षेपात अडकण्याची शक्यता असते.

## उपविधी न बदलता लागू होणारे बदल

प्रत्येक बदलासाठी उपविधींची दुरुस्ती लागतेच असे नाही. कलम ७९-अ अन्वये काढलेले निदेश संस्थांवर थेट बंधनकारक असतात. हस्तांतरण अधिमूल्याची २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आणि बिनभोगवटा शुल्काची सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा या ऑगस्ट २००१ मधील शासन निर्णयांतून आल्या. इमारतीच्या पुनर्विकासाची कार्यपद्धती ३ जानेवारी २००९ च्या निदेशाने ठरली होती; तिची जागा ४ जुलै २०१९ च्या निदेशाने घेतली. यापेक्षा जास्त आकारणीला परवानगी देणारा उपविधी किंवा ठराव टिकत नाही.

## अन्य प्रकारच्या संस्थांशी तुलना

नफ्याचा हेतू नसलेल्या सर्व संस्थांना ही प्रक्रिया लागू नाही. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदवलेल्या शैक्षणिक व सामाजिक संस्थांच्या अंतर्गत नियमांना सामान्यतः ‘घटना’ किंवा ‘नियमावली’ म्हणतात. त्यांच्यावर धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेचे नियंत्रण असते. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खालील अपार्टमेंट संघांचेही उपविधी असतात, परंतु ते घोषणापत्राशी निगडित असल्याने त्यांच्या दुरुस्तीची पद्धत वेगळी आहे. गोव्यातील सहकारी संस्थांना गोवा सहकारी संस्था अधिनियम, २००१ लागू असल्याने महाराष्ट्रातील आदर्श उपविधी तेथे लागू होत नाहीत.

## हेही पहा

* सहकार चळवळ
* भारतीय राज्यघटनेतील ९७वी दुरुस्ती
* महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०
* सहकार न्यायालय
* सर्वसाधारण सभा